चालीचे माहेर

लोकगीत कानावर पडले की मनात पहिला प्रश्न येतो तो मुळाचा. ही चाल कुठली, कुणी बांधली, तिचे अस्सल रूप कोणते आणि बिघडलेले कोणते? बंदिशीला किंवा नाट्यपदाला हा प्रश्न शोभतो, कारण तिथे चाल बांधणारा कुणीतरी असतो आणि त्याचे नाव पुष्कळदा माहीतही असते. जात्यावरच्या ओवीला मात्र तो लागू पडत नाही, असे मला वाटते. हे ठरवण्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यासारखी जागा नाही. १९८० च्या दशकापासून इथल्या डोंगरी वाड्यावस्त्यांमधून ओव्यांचा जो साठा गोळा होत गेला, त्याला महाराष्ट्रात तोड नाही. तो साठा आणि ओवीबद्दलचे जुने दाखले शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट पुढे येते. ओवीच्या चालीला एकच एक जन्मगाव नाही. प्रत्येक गावात बाहेरून आलेल्या बायकांनी, दोघी-दोघींनी मिळून, ती पुन्हा पुन्हा घडवलेली आहे. तिची निरनिराळी रूपे म्हणजे कुठल्या तरी मुळाची पडझड नव्हे. चाल जगते ती त्या रूपांमध्येच.

ओवीचा अगदी जुना लेखी दाखला मुळशीपासून बराच दूर, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात सापडतो. सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११२९ मध्ये सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात कोणता गीतप्रकार कुठल्या प्रसंगी गातात हे सांगताना, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद येते. नोंद एवढीशीच आहे, पण तीत तीन गोष्टी पक्क्या होतात: ओवी बायकांची आहे, ती महाराष्ट्राची म्हणून बाहेर ओळखली जाते, आणि ती कामाशी जोडलेली आहे. चौथ्या गोष्टीवर आपण सहसा थांबत नाही. सोमेश्वर दळणाचे नाव घेत नाही, कांडणाचे घेतो. कांडणाची आणि दळणाची चाल एकच असणे अवघड आहे. एका उखळात दोघींची मुसळे पडू लागली की एकीचे वर आणि दुसरीचे खाली, असा नेम पाळावाच लागतो, नाहीतर मुसळावर मुसळ आदळते. तिथे ठोका गाण्याला बांधून ठेवतो. जात्याचा फेरा अखंड असतो. त्यात वेग थोडा कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही आणि वैरण घालायला हात उचलला तरी दुसरीचा हात खुंट्यावर असतो. कांडणाची ओवी जात्यावर आली की जात्यावरची कांडणाकडे गेली, की दोन्ही पहिल्यापासून शेजारी नांदत होत्या, हे त्या एका नोंदीवरून ठरत नाही. पण बाराव्या शतकातही ओवी या एका नावाखाली एकच चाल असेल असे धरायला जागा उरत नाही, हे माझे अनुमान आहे. दुसरा दाखला त्याला बळ देतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ओवीला प्रबंधांच्या यादीत स्थान दिले आणि तिचे लक्षणही सांगितले: यमक साधणारे तीन खंड, देशभाषेत गायचे, शेवटी ओवी हे पद. स्वरांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या या ग्रंथकाराने ओवी ओळखायची खूण सांगितली ती शब्दांची, सुरांची नाही. कुठली एक ठरलेली चाल त्याच्या कानावर असती तर ती टिपण्याइतका अधिकार त्याच्याकडे नक्कीच होता.

इथे पहिला आक्षेप येतो. ओवीचे मूळ संतांकडे आहे, ज्ञानेश्वरीने तिला घडवले आणि तिथून ती बायकांच्या ओठांवर उतरली, असे अनेकांना मनापासून वाटते. जनाबाईच्या दळणाला विठ्ठल हात लावतो ही कथा आपल्या इतकी अंगात मुरली आहे की जाते आणि भक्ती वेगळी काढणेच जड जाते. पण काळाचा हिशेब या समजुतीच्या विरुद्ध आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची, ‘मानसोल्लास’ तिच्याआधी दीडशेहून अधिक वर्षांचा. ज्ञानेश्वरांनी लोकांच्या तोंडची ओवी उचलली आणि ग्रंथाच्या कामी लावली, असेच म्हणावे लागते. त्यांनी काय केले याची जाणीव त्यांना स्वतःला होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस आपल्या ओवीचे वर्णन करताना ते म्हणतात त्याचा आशय असा, की ती गायिली तर गाण्याला शोभा आणते आणि गाण्यावाचूनही रंगते. ओवीच्या इतिहासातली ही मोठी फारकत आहे. तोपर्यंत कामाशी आणि सुराशी बांधलेली ओवी इथे वाचायची झाली. पुढे एकनाथांच्या भागवतात, मग पोथ्यापुराणांत तिचा विस्तार होत गेला आणि छंदशास्त्राने तिची अक्षरे मोजायचा प्रयत्न केला. माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ वाचताना मराठी छंदांच्या मोजणीत किती मेहनत आहे हे जाणवते. मात्र मोजणी झाली ती ग्रंथांत उतरलेल्या ओवीची. जात्यावरची ओवी अक्षरांच्या हिशेबात बसवायला गेले की हाती येतो तो शब्दांचा सांगाडा. ती प्रत्यक्ष म्हणताना ‘बाई’, ‘गं’, ‘सई’ असे भरीचे शब्द मध्ये येतात, अर्धी ओळ मागे वळून पुन्हा म्हटली जाते, एखादे पद तोडून दोन फेऱ्यांत वाटले जाते. ही सगळी भर चालीची गरज आहे आणि कागदावर उतरवताना पहिली गळते तीच.

विसाव्या शतकात ओव्या गोळा करणाऱ्यांनी फार मोठे काम केले. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले खंड, दुर्गा भागवतांचे विवेचन हे सारे नसते तर आपल्याला या वाङ्मयाची श्रीमंतीच कळली नसती. पण हे संग्रह शब्दांचे आहेत. वाचणाऱ्याच्या मनात त्यामुळे एक ओळख पक्की झाली: ओवी म्हणजे दोन किंवा चार छोट्या ओळींची कविता. तिच्या चालीबद्दल विचारले तर शहरातला मराठी माणूस शाळेत किंवा रेडिओवर ऐकलेली एक संथ, करुण चाल गुणगुणतो आणि तीच ‘ओवीची चाल’ समजतो. इंग्लंडमध्ये हेच उलट्या दिशेने घडले. जॉन प्लेफर्ड याने १६५१ मध्ये लंडनमध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हे गावनाचांचे पुस्तक छापले. त्यात १०५ नाच होते, पावलांच्या सूचना आणि प्रत्येकासोबत नुसती एकेरी चाल. पुस्तकाच्या सुमारे १७२८ पर्यंत अठरा आवृत्त्या निघाल्या, काही नाच गळले, बरेच नवे आले. ‘सेलेंजर्स राउंड’सारखी चाल त्याआधीच विल्यम बर्डने कळफलकाच्या वाद्यासाठी सजवली होती आणि ती दुसऱ्या नावानेही चालत होती. पुढच्या काळात मात्र छापलेला पाठ हाच मूळ पाठ ठरला. आजही कुणी अशा नाचाच्या चालीचा उगम विचारला की बोट प्लेफर्डच्या पानावर जाते. ते पान म्हणजे वाहत्या प्रवाहातून एका दिवशी, एका छापखान्यासाठी उचललेला पाठ आहे, उगम नव्हे. तिकडे चाल छापली गेल्यामुळे गोठली, आपल्याकडे ती छापलीच न गेल्यामुळे नाहीशी झाल्यासारखी वाटली. चुकीची समजूत दोन्हीकडे एकच आहे.

मुळशीत ही चाल कशी नांदत होती हे समजायला आधी तिथले काम पाहायला हवे. पौड हे तालुक्याचे ठिकाण, पश्चिमेला ताम्हिणीचा घाट आणि खाली कोकण, मधे मुळेचे आणि कोळवणचे खोरे. जुन्या बारा मावळांतला पौड मावळ तो हाच. पाऊस अफाट, जमीन उताराची. भात, नाचणी, वरी ही मुख्य पिके, पैकी भात कांडायचा आणि नाचणी दळायची. म्हणजे सोमेश्वराचे कांडण आणि आपले दळण ही दोन्ही कामे इथे एकाच घरात, त्याच बायकांच्या अंगावर होती. दळण पहाटेचे, घर जागे होण्याआधीचे. रोजच्या भाकरीचे पीठ रोज पडायचे. थोडे असले तर एकटीने, जास्त असले तर दोघी समोरासमोर बसून, एक खुंटा दोघींच्या हातात. तळी स्थिर, वरची पाळी फिरती, तोंडात मूठमूठ वैरण. पाळीची धार गेली की टाकी मारून घ्यायची. या कामाला बाहेरचा श्रोता नव्हता. कौतुक करायला कुणी बसलेले नसायचे आणि चूक काढायलाही नसायचे, आणि चालीच्या दृष्टीने ही गोष्ट साधी नाही. ज्या गाण्याला श्रोता असतो ते गाणे श्रोत्याच्या आठवणीने बांधले जाते, लोक म्हणतात, ‘मागच्या वेळी असे नव्हते’. जात्यावर ऐकणारी तीच असते जी गाते. तिथे चाल जुळवून घ्यायची असते ती फक्त समोरच्या जोडीणीशी.

दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो आणि तो जास्त सयुक्तिक आहे. चाल बायकांनी कुठे केली, ती दगडानेच केली, असे म्हणणारा म्हणेल. जात्याचा फेरा ठरलेला, हाताचा ओढा ठरलेला, श्वासाची लांबी ठरलेली, तेव्हा चालही आपोआप तशीच येणार. श्रमगीतांबद्दल हे सगळ्या जगभर म्हटले गेले आहे आणि त्यात तथ्य आहे. ओवीच्या बहुतेक चाली थोड्याच स्वरांत फिरतात, दम लागलेल्या बाईला फार वर चढून चालत नाही आणि ओळ श्वासाच्या आत संपवावी लागते. पण यावरून चालीच्या मर्यादा समजतात, चाल समजत नाही. दगड सगळीकडे सारखा, हात सारखे, धान्यही थोड्याफार फरकाने सारखे, मग एका गावातल्या दोन आळ्यांत चाली वेगळ्या का? एकच बाई सीतेच्या वनवासाची ओवी एका चालीवर आणि भावाची दुसऱ्या चालीवर का म्हणते? जाते दारे घालून देते, पण कोणत्या दारातून जायचे ते माणसे ठरवतात. शिवाय जाते सोडूनही ओवी जगली. बाळाला झोपवताना, भात लावताना, पंढरीच्या वाटेवर, लग्नाच्या हळदीला ती म्हटली गेली. नुसता फेराच चालीचा जन्मदाता असता तर या ठिकाणी तिने केव्हाच मान टाकली असती.

माझ्या मते चालीची खरी किल्ली लग्नात आहे. गावात जात्यावर बसणारी बाई बहुतेक वेळा त्या गावात जन्मलेली नसते. सासू एका गावची, थोरली जाऊ दुसऱ्या, धाकटी तिसऱ्या. लग्ने लहान वयात होत, तेव्हा दहा-बारा वर्षांची मुलगी आईच्या आणि काकीच्या मांडीशी बसून ऐकलेली चाल घेऊन सासरी यायची. तिथे पहिल्याच पहाटे तिला सासूसमोर खुंटा धरायला लागायचा. तिथे माहेरची चाल पुढे रेटता येत नाही, रेटली तर ओवी जुळत नाही. सासूची चाल धरावी लागते, पण घसा आणि वळणे माहेरची असतात. दहा वर्षांनी तीच थोरली होते, समोर नवी सून येते, आणि आता तिची मिसळलेली चाल ही त्या घराची चाल असते. ‘आमच्या गावची चाल’ असे अभिमानाने म्हटले जाते ती चाल अशा रीतीने त्या गावात न जन्मलेल्या बायकांनीच सांभाळलेली आणि बदललेली असते. चालीला माहेर विचारले तर एक नाव मिळणार नाही. मिळेल ती माहेरांची रांग. आणि ताम्हिणीच्या घाटापलीकडून माणगावकडून आलेली सून असेल किंवा मावळातून आलेली असेल, तर ती रांग तालुक्याची हद्दही ओलांडून जाते.

यावर एक रास्त शंका अशी, की मग गावोगावच्या चाली इतक्या लवकर एकमेकींत मिसळून एकच कशा झाल्या नाहीत? प्रत्येक पिढीत बाहेरच्या बायका येणार असतील तर स्थानिक रंग उरायलाच नको. उत्तर सोयरिकीच्या रिंगणात आहे. लग्ने बेफाम दूर होत नव्हती. रोटी-बेटीचा व्यवहार एका खोऱ्यात, जातीच्या आत, ओळखीच्या गावांत चाले. त्यामुळे चालींची देवाणघेवाणही त्याच रिंगणात फिरत राही आणि खोऱ्याला खोऱ्याचा सूर येई. जातीच्या भिंतीही इथे दिसतात. मराठा वाड्यातल्या जात्यावरच्या चालीला महारवाड्यातल्या जात्यावर येण्यासाठी लग्नाची वाट नव्हती. त्यासाठी कामाच्या, शेताच्या, कानोकानीच्या वाटा होत्या. जी रूपे त्या वाटांनीही ओलांडून गेली ती जास्त टिकाऊ निघाली असावीत, एवढेच म्हणता येते.

हा सगळा तर्क केवळ तर्क राहिला असता, पण मुळशीत पुरावा जमा झाला. गी पॉयत्व्हँ हे फ्रान्सहून १९७२ मध्ये भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले. पुण्यातल्या अभ्यासक हेमा राईरकर यांच्या साथीने त्यांनी मुळशी आणि आसपासच्या डोंगरी गावांत काम सुरू केले. गरीब डोंगरी संघटनेच्या बैठकांत बायका बोलत्या झाल्या आणि बोलता बोलता ओव्या म्हणू लागल्या. ज्यांना सभेत उभे राहून तक्रार मांडणे जड जाई त्या ओवीतून ती सहज मांडत, हे पाहून दोघांनी ओव्या गोळा करायला घेतल्या. काम गावातल्याच कार्यकर्त्यांनी वाढवले आणि ते मुळशीबाहेर सबंध महाराष्ट्रात पसरले. आज तो साठा एक लाखाहून जास्त ओव्यांचा आहे, हजाराहून अधिक गावांतला, तीन हजारांहून अधिक गायिकांचा. १९९० च्या दशकात संगणकीय संगीताचे अभ्यासक बर्नार बेल यात आले, ओव्यांची विषयवार मांडणी संगणकावर झाली आणि शंभराहून जास्त तासांचे ध्वनिमुद्रण झाले. गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीतसंग्रहातही त्याची जपणूक झाली. पॉयत्व्हँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दस्तऐवजाने त्या ओव्या ध्वनिचित्रफितींसह लोकांपुढे ठेवल्या.

या साठ्याने चालीच्या प्रश्नाला काय उत्तर दिले? पहिले असे, की शब्द आणि चाल यांचे प्रवास वेगळे आहेत. सीतेच्या वनवासाच्या ओव्या घ्या. त्यातल्या अनेक ओळी थोड्याफार फरकाने मुळशीपासून मराठवाड्यापर्यंत सापडतात, आणि त्या वेगवेगळ्या चालींवर म्हटल्या जातात. उलट एका बाईकडे शब्द शेकडो ओव्यांचे असतात आणि चाली मोजक्याच, त्या चालींत ती सगळे विषय बसवते. विठ्ठलाची ओवी, भावाची ओवी, लेकीच्या सासुरवासाची ओवी एकाच चालीवर येऊ शकतात. नवीन विषय आला तरी चाल नवी करावी लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या केल्या, तेव्हा ज्या रचनेत आणि ज्या सुरांत पूर्वी देवादिकांचे नाव घेत त्याच सुरांत बाबासाहेब आले. पहिली, दुसरी, तिसरी अशी गणती करत ओव्या वाहायची जुनी रीतही तिथे टिकली आणि मान मात्र बुद्ध, भीमाला मिळाला. मूळ चाल शोधणाऱ्याने या ओव्यांना काय म्हणावे? नवी गाणी म्हणावीत तर सूर जुना आहे, जुनी म्हणावीत तर बोल अगदी नवे. मला ती चाल त्या बायकांची, त्या पहाटेची आणि तितकीच अस्सल वाटते.

इंग्लंडमध्ये सेसिल शार्प यांनी हा प्रश्न फार तळमळीने हाताळला. १८९९ च्या नाताळात ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वॉरी इथे त्यांनी मॉरिस नाच पाहिला, १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या एका माळ्याच्या तोंडून पहिले लोकगीत टिपले आणि १९०७ मध्ये ‘इंग्लिश फोक-साँग: सम कन्क्लूजन्स’ या पुस्तकात आपला सिद्धांत मांडला. सातत्य, बदल आणि निवड या तीन गोष्टींनी लोकगीत घडते: चाल पिढ्यांमधून चालत येते, गाणारा ती बदलतो आणि समाज त्यातले काय ठेवायचे ते निवडतो. मुळशीच्या संदर्भात पहिल्या दोन गोष्टी मला पूर्ण पटतात. तिसरी जशीच्या तशी बसत नाही. शार्प यांच्या मनात निवडणारा सबंध गाव होता, खाणावळीत किंवा जत्रेत ऐकणारा. जात्यावर गाव ऐकत नाही. निवडते ती समोर बसलेली दुसरी बाई, आणि निवडीची कसोटी असते दोघींना मिळून म्हणता येणे. हा फरक लहान नाही. म्हणूनच ओवीच्या चालींत इतकी रूपे राहिली, कारण प्रत्येक जाते हा वेगळा निवाडा होता. शार्प यांचा भर कानाने ऐकून कागदावर उतरवण्यावर होता. त्यांचे समकालीन पर्सी ग्रेंजर १९०६ पासून लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ घेऊन हिंडले. एकच म्हातारा गायक एका गाण्याच्या प्रत्येक कडव्यात सूर थोडा हलवतो, असे त्यांच्या यंत्राने दाखवून दिले. कागदावर उतरवणाऱ्याने असे बदल काढून सरासरी चाल दिली असती. ग्रेंजर म्हणाले की हे बदलच गाण्याचा भाग आहेत. बेल यांच्या ध्वनिमुद्रणात ओवी ऐकताना हेच जाणवते: दुसरी ओळ पहिलीसारखी असते आणि नसतेही, आणि जोडीण तो बदल क्षणात उचलते. रूपे गावागावांत आहेत, घराघरांत आहेत, आणि एका बाईच्या एका दळणाच्या आतही आहेत. मग ‘मूळ’ शोधायचे तर या बाईची कुठली ओळ उचलायची?

सर्वांत अवघड आक्षेप आता घेतो. तुमचा पुरावा १९८० नंतरचा, तेव्हा जाती बंद पडू लागली होती, इंजिनाच्या आणि विजेच्या गिरण्या गावोगाव बसत होत्या. मुळशीतले पुरुष मुंबईला नोकरीधंद्यासाठी जात-येत होते, या मावळी पट्ट्यातून मुंबईचे कितीतरी डबेवाले गेले आहेत. रेडिओ आला होता, भजनाच्या आणि चित्रपटाच्या चाली घरात शिरल्या होत्या. अशा काळात टिपलेली विविधता ही ऱ्हासाची खूण का नसावी? पूर्वी एक ठसठशीत चाल असेल आणि ती फुटून तिचे तुकडे झाले असतील. त्यात आणखी मोठी उलथापालथ १९२० च्या दशकात झाली होती. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी मुळेवर धरण बांधायला घेतले, १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला, तरी अखेर खोऱ्यातली कित्येक गावे पाण्याखाली गेली आणि माणसे पांगली. सोयरिकीची रिंगणे मोडली असतील तर चालीही मोडल्या असतील. ग्रेंजर लिंकनशायरमध्ये फोनोग्राफ घेऊन हिंडले ते सत्याग्रहाच्या पंधरा वर्षे आधी. मुळशीच्या बायकांच्या चालींकडे कुणी मुद्दाम कान द्यायला सत्याग्रहानंतर साठेक वर्षे जावी लागली. हा तोटा भरून न येणारा आहे आणि तो मला मनापासून सलतो. तरीही ऱ्हासाचे गृहीतक टिकत नाही. ऱ्हास झाला असता तर तुकड्यांत एक साम्य दिसायला हवे होते, जसे फुटलेल्या मडक्याच्या खापऱ्या एकमेकींना जुळतात. इथे जुळणी आहे ती जवळच्या गावांत, लग्नाच्या रिंगणात. दूर गेले की सारखेपणा उरतो तो ओवीच्या घडणीचा, सुरांचा नव्हे. आणि शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातच घडणीचे लक्षण दिले होते, सुराचे नव्हे, हे इथे पुन्हा आठवावे लागते. रेडिओने आणलेल्या चालींचाही धाक फार मानायला नको. बाहेरची चाल उचलणे हे ओवीला नवे नव्हते. वारीतून, कीर्तनातून, भजनातून ती नेहमीच उचलत आली. चाल खुंटली ती बाहेरच्या सुरांमुळे नव्हे, पहाटेचे दळण थांबले म्हणून.

दळण थांबल्याचे दुःख करणे मला रास्त वाटत नाही. ज्या बाईला चार वाजता उठून पायलीभर नाचणी दळावी लागे तिला गिरणी हा मोठाच दिलासा होता, आणि खुद्द ओव्यांत त्या कष्टांची कैफियत भरून आहे. आज जाते मुख्यतः लग्नात निघते, हळद दळायला, सजवलेले, पाच सुवासिनींच्या हाताने दोन-चार फेरे. तिथे ओवी होते, पण चालीला दुसऱ्या बाईबरोबर जुळवत बसायला वेळ नसतो, सगळ्या मिळून सर्वांना येणारी चाल धरतात. त्यात आता मोबाइलवर फिरणारी एखादी चित्रफीत आली की पुढच्या लग्नात तीच ‘खरी’ ठरते. प्लेफर्डच्या पानाने जे केले ते इथे एक चित्रफीत करू शकते. म्हणून मुळशीच्या साठ्याचे मोल मला त्यातल्या संख्येत जेवढे वाटते त्याहून जास्त त्याच्या नोंदीच्या रीतीत वाटते. तिथे ओवी ‘मावळची’ म्हणून एका नावाखाली गोळा केलेली नाही. गायिका कोण आणि गाव कुठले, हे तिच्याशी बांधलेले आहे.

या नोंदीमुळे माझ्या म्हणण्याची परीक्षाही घेता येते. तिच्यात एका प्रश्नाची भर हवी: बाईचे माहेर कोणते आणि ती जात्यावर कुणाबरोबर बसत होती? माझे म्हणणे खरे असेल तर दोन सख्ख्या बहिणी, वेगळ्या खोऱ्यांत दिलेल्या, म्हातारपणी वेगळ्या चाली म्हणतील, आणि त्यांच्या चाली आपापल्या जावांशी जुळतील. बहिणींचीच चाल जुळली आणि जावांशी फटकून राहिली, तर चालीचे मूळ माहेरच्या घरात धरावे लागेल आणि वर जी मांडणी केली ती बदलावी लागेल. कोळवण खोऱ्यात, ताम्हिणीच्या वाटेवरच्या वाड्यांत, ज्यांनी जात्यावर दळले आहे अशा बायका अजून आहेत. हा प्रश्न त्यांना आत्ताच विचारता येईल.